‘ह्या काय वाजवतास?’ : वेंगुर्ल्याकडच्या आमच्या जॅझ बँडला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळताना, एसटी स्टँडवर, नाहीतर रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला तेच तेच प्रश्न येतात. आम्ही सहाजण : ट्रंपेट (म्हणजे मी), सॅक्सोफोन, कीबोर्ड, बास, ड्रम आणि गाणारी. पोटापाण्याचे उद्योग सगळ्यांचे वेगळे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन थकलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. जिथे एक उत्तर दुसऱ्यात मिसळतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुमी ह्या काय वाजवतास? बेंजो पार्टी की लग्नातलो बँड?

दोन्ही नाही, पण दोघांशीही नातं आहे. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. ते मूळचं जपानी. १९१२च्या सुमारास तिकडे तयार झालं, भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि कोकणात पिकअप लावून मिरवणुकीत शिरलं. अमेरिकेतला बँजो निराळा : चामडं ताणलेल्या गोल खोक्याला लांब दांडी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो तिकडे घडवला आणि सुरुवातीच्या जॅझमध्ये तो भरपूर वाजायचा. त्यामुळे ‘तुमच्यात बेंजो आसा?’ याला माझं उत्तर ‘असायला हरकत नव्हती’ असं असतं.

लग्नातल्या ब्रास बँडशी नातं आणखी जवळचं. मी स्वतः पहिली पाच वर्षं वरातीत वाजवत होतो. वाद्यं तीच : ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम. फरक वाजवण्यात आहे, तो पुढच्या दोन प्रश्नांत.

२. जॅझ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा.

ठरलेली चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग तिच्याच आवर्तनांवर एकेकाने आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, आणि शेवटी पुन्हा चालीवर येऊन मिळायचं.

दुसरं वाक्य हवं असेल तर : अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला, कृष्णवर्णीय वादकांच्या हातून हे संगीत आकाराला आलं, आणि १९१७ साली त्याची पहिली तबकडी निघाली. ती तबकडी गोऱ्या वादकांच्या बँडची होती, हा इतिहासातला कडू विनोद.

३. सगळं आयत्या वेळचं, म्हणजे तुम्ही तालीम करतच नाही?

हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या माणसाने विचारला की मला हसू येतं. अहो, तुम्ही जत्रेत रात्र रात्र दशावतार बघता ना? त्या नटांना लिहिलेली संहिता असते का? आख्यान ठरतं, तोंडाला रंग लावता लावता कोण कधी येणार आणि कुणाची कुणाशी गाठ पडणार एवढं बोलून घेतात, आणि मग राजा-राक्षसांचे अर्धा अर्धा तासाचे संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. समोरच्याने एखादा शब्द टाकला की दुसरा तोच पकडून त्याच्यावर चढवतो. पेटीवाला आणि पखवाजवाला डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात, कारण पद कधी सुरू होईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. हे ज्याला कळतं त्याला जॅझ समजावून सांगायची गरज नाही.

तालीम आम्ही आठवड्यातून दोनदा करतो, पण ती आख्यानाची. चाल पाठ असते. तिच्याखालची स्वरसंगती (कुठल्या मात्रेला कुठला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) पाठ असते. कुठे थांबायचं, कुणी कुणाच्या मागून यायचं, शेवट कसा करायचा हे ठरलेलं असतं. सोलो, म्हणजे एकेकाची आयत्या वेळची उपज, मात्र ठरवत नाही. आमच्या सॅक्सवाल्याने एकदा घरून सोलो पाठ करून आणला होता. ड्रमवाल्याने तिसऱ्याच आवर्तनात ओळखलं आणि मुद्दाम ठेका फिरवला. बिचारा मध्येच लटकला.

चार-चार घरांचे तुकडे (एक घर म्हणजे चार मात्रा) एकमेकांकडे फेकायचा एक प्रकार जॅझमध्ये असतो : चार घरं ट्रंपेट, चार घरं ड्रम, पुन्हा ट्रंपेट. ही आमची डबलबारी, दोन भजनीबुवांच्या सामन्यासारखी. फक्त समोरच्या बुवाचं उणंदुणं काढत नाही.

४. मध्येच सूर चुकल्यासारखा का लागतो?

तीन शक्यता आहेत. पहिली, आम्ही खरंच चुकलो. हे होतं.

दुसरी, तो ब्लूजचा, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्याचा, सूर आहे. ब्लूजमध्ये गंधार हा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत ठेवतात, निषाद उतरलेला असतो, आणि पंचमाच्या आधी तीव्र मध्यमाला मुद्दाम घासून जातात. खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असताना वर कोमल गंधाराकडे झुकलेला सूर लागतो, म्हणून कानाला खडा लागल्यासारखा वाटतो. तो खडा हवाच असतो.

तिसरी शक्यता रागदारी ऐकणाऱ्यांना जास्त छळते. आपल्याकडे तानपुरा लावला की सा हललाच नाही पाहिजे. जॅझमध्ये खालची जमीन सरकत राहते. बारा घरांचा साधा ब्लूज घ्या : चार-चार मात्रांची बारा घरं, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिली चार घरं षड्जाचा कॉर्ड, मग दोन मध्यमाचा, दोन पुन्हा षड्जाचा, एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटची दोन षड्जाची. वर तुम्ही एकच सूर धरून बसलात तरी खालचा कॉर्ड बदलला की त्या सुराचा चेहरा बदलतो. एक दिवस घरी पेटीवर सा-म-सा-प-म-सा असं मोजून वाजवा आणि वर नुसता षड्ज गुणगुणा. मी कितीही लिहिलं तरी त्याची सर येणार नाही.

५. जॅझचा आणि कोकणाचा काय संबंध? उगाच ओढूनताणून नका सांगू.

ओढूनताणून सांगायची वेळच येत नाही. भारतात जॅझ ज्यांच्या खांद्यावरून आलं त्यांतले बरेचसे इथून दोन तासांवरच्या गावांतले होते.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि सुरलिपी शिकवत. हेतू चर्चमधल्या गाण्याला साथ मिळावी एवढाच. पण त्यातून एक पिढी तयार झाली जिला कागदावरचं संगीत बघून वाजवता येत होतं, आणि तेव्हाच्या मुंबईत अशा माणसाला काम होतं : पोलिसांच्या आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये, मूकपटाच्या थिएटरात पडद्यापुढे, आणि पुढे मोठ्या हॉटेलांत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्या मागोमाग आलेल्या अमेरिकन वादकांचं ऐकत, कधी त्यांच्यासोबत बसून वाजवत, आपली गोव्याची मंडळी जॅझ शिकली.

त्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रंपेट वाजवायचे, आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. म्हणजे ज्या गाण्यांवर तुमचे आजोबा नाचले त्यांत जॅझ होतंच, फक्त त्याला कुणी जॅझ म्हटलं नाही. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळांची मांडणी करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस जॅझवाले नव्हते, व्हायोलिनवाले होते. पण प्यारेलालांचे ते गुरू, आणि पुढे त्याच नावाचा हिरो पडद्यावर अंड्यातून बाहेर आला तो त्यांनाच केलेला नमस्कार. सॅक्सोफोनवर राग वाजवून दाखवणारे ब्राझ गोन्साल्विस तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. १९७८ला मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली तोवर या मंडळींच्या दोन पिढ्या वाजवून झाल्या होत्या.

आता आमच्या किनाऱ्याचं. मुंबई-पणजी बोट वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत जायची. डेकवर व्हायोलिनची पेटी उशाला घेऊन झोपलेला गोंयकार आणि गिरणीत निघालेला मालवणी शेजारी शेजारी. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणच्या ख्रिस्ती वाड्यांत फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) बँड असतोच. माझ्या पहिल्या मास्तरांनी मला ट्रंपेट शिकवला तो अशाच बँडमधला, तोंडाशी हिरवा पडलेला. त्याची मधली कळ दाबली की वर यायला वेळ लागायचा, त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या सगळ्या ताना जरा संथ आहेत.

६. टाळ्या कधी वाजवायच्या? आमचा गोंधळ होतो.

एकाचा सोलो संपला की वाजवा, गाणं चालू असलं तरी. मैफलीत जागेला दाद देता तसंच.

ठेक्याबरोबर टाळी धरायची असेल तर मात्र लक्ष द्या. भजनाच्या सवयीने सगळी टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडते. जॅझची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एका देवळाच्या सभामंडपात दोनशे माणसांनी आनंदाने उलटी टाळी धरली, तेव्हा आमच्या ड्रमवाल्याने हळूच एक मात्रा जास्त घालून अख्खा बँड टाळीच्या बाजूला आणून ठेवला. लोकांना कळलंही नाही. त्याला मी त्या रात्री दोन प्लेट वडे-सागोती दिली.

७. तुमचा ठेका दादरा आहे की केरवा? काही कळत नाही.

मोजायला केरव्यासारखा, झुलायला दादऱ्यासारखा. चार मात्रा असतात, पण प्रत्येक मात्रेचे दोन सारखे भाग करत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. याला स्विंग म्हणतात. खाडीत होडी वल्हवताना ओढ लांब आणि उचल आखूड असते, तो झोका डोळ्यांपुढे आणा. लय वाढली की हा फरक कमी होत जातो आणि फार जलद लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. आमचा ड्रमवाला मुळात भजनातला पखवाजवाला. त्याला हे समजायला वर्ष गेलं, आणि समजलं त्या दिवसापासून त्याच्या भजनीबुवांची तक्रार आहे की हा आता गजरसुद्धा झुलवतो.

८. मी गाते, माझी पट्टी काळी पाच. तुमच्याबरोबर जमेल?

उत्तम जमेल. ट्रंपेटचा स्वतःचा सा काळी पाच असतो, म्हणजे मी ज्याला सा म्हणून वाजवतो तो सूर पेटीवर काळी पाचवर मिळतो. टेनर सॅक्सही काळी पाचचाच, ऑल्टो काळी दोनचा. म्हणून जॅझवाल्यांची गाणी काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा पट्ट्यांत जास्त सापडतात. फुंकून वाजवणाऱ्याच्या बोटांना त्या सोप्या जातात. पांढरी तीन आणि पांढरी सहा सांगितलीत तर जमवू, पण आमच्या सॅक्सवाल्याचं तोंड बघू नका.

९. पेटीवर जॅझ वाजतं का?

वाजतं, पण एक हात भात्यावर अडकतो. त्यामुळे उजव्या हाताने एकतर कॉर्ड धरा, नाहीतर चाल वाजवा. शिवाय पेटीचा सूर दाबला की लागलेलाच राहतो, पियानोसारखा ठोसा देऊन विरत नाही. लांब कॉर्ड धरून कुणाच्या तरी मागे बसायचं असेल तर पेटी फार गोड लागते. आमच्या दोन गाण्यांत आहे.

१०. मुलाला शिकवायचंय. कोणत्या वयात, कोणतं वाद्य?

ट्रंपेटसाठी पुढचे पक्के दात आलेले हवेत, म्हणजे साधारण आठ-नऊ वर्षं. मुखपीठ ओठांवर दाबलं जातं आणि हलत्या दुधाच्या दातांवर ते सोसत नाही. सॅक्सोफोन मोठा आणि जड, तेव्हा हाताची बोटं कळांपर्यंत पोचतात का ते बघून ठरवा. कीबोर्ड कधीही चालेल.

नोटेशन येत नसलं तरी हरकत नाही, पण शिकून घ्या. त्याच कागदावर एक अख्खी पिढी जगली (प्रश्न ५). आणि आधी गायला लावा. जे गळ्यातून येत नाही ते ट्रंपेटमधूनही येत नाही, कारण ट्रंपेटला तीनच कळा असतात, बाकी सगळे सूर ओठांनी काढायचे. रीतसर शिकायचं असेल तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. सावंतवाडीहून जाऊन-येऊन शिकणारे मला माहीत आहेत.

स्वस्तातलं नवं चकचकीत ट्रंपेट ऑनलाइन घेऊ नका. त्याच पैशात जुनं, चांगल्या घडणीचं वापरलेलं मिळतं, आणि ते सुरात असतं.

११. तुमचा सीझन कुठला? गणपतीत येतलास?

दिवाळीपासून मेपर्यंत. कार्तिक-मार्गशीर्षातल्या जत्रांच्या तारखांना आम्ही कार्यक्रम घेत नाही, कारण आमचेच निम्मे लोक जत्रेत असतात. मे महिन्यात बासवाला आंब्याच्या पेट्यांत बुडालेला असतो. तेव्हा बासशिवायचा कार्यक्रम चालणार असेल तरच विचारा. गणपतीत घरोघरी भजनं असतात, तिथे आम्ही आपापल्या मंडळात टाळ घेऊन बसतो. ३० एप्रिलला मात्र काहीतरी करतोच. तो युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, २०१२पासून साजरा होतो.

पावसाळ्यात उघड्यावर अजिबात नाही. का, ते पुढे.

१२. खाऱ्या हवेत वाद्यं टिकतात कशी?

टिकत नाहीत, टिकवावी लागतात. पितळेवरचा लॅकर उडाला की हिरवं चढायला लागतं. ट्रंपेटच्या कळांना तेल रोज, आणि महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुणं. समुद्रावर वाजवून आलो की त्याच रात्री पुसून ठेवायचं, सकाळवर टाकलं की गेलं. सॅक्सच्या भोकांवरचे चामड्याचे पॅड पावसात चिकटतात. कळ उघडताना ‘चप्प’ असा आवाज येतो आणि हळव्या गाण्यात तो फार वाईट ऐकू येतो. मधे पातळ कागद धरून पॅड कोरडे करायचे, एवढाच उपाय. रीड (सॅक्सच्या मुखपीठावरची पातळ पट्टी) बोरूसारख्या गवताच्या दांड्याची असते, ती कुबट होते. बासच्या पोलादी तारा गंजतात. लाकडी डबल बास जून ते सप्टेंबर फुगतो, म्हणून त्या महिन्यांत तालमीला बास गिटार. वाद्यांच्या खोक्यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. आमच्याकडे तांदळाची पुरचुंडी ठेवायचा प्रयोग झाला, त्यात टोके झाले.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. तापलेल्या हवेत आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे फुंकीची वाद्यं चढतात आणि तारा सैल होऊन उतरतात. मे महिन्याच्या दुपारी साउंडचेक करून सूर लावला आणि रात्री नऊला वाजवायला बसलो तर सगळं पुन्हा लावावं लागतं. म्हणून आम्ही सुरू होण्याआधी पाच मिनिटं पों-पों करत असतो. तो कार्यक्रम नव्हे.

ट्रंपेटच्या तोंडावर धरून ‘वा-वा’ असा आवाज काढायला अमेरिकेत पाइप मोकळा करायच्या पंपाचं रबर वापरतात. मी नारळाची करवंटी वापरतो. नीट तासलेली असेल तर आवाज गोल येतो.

१३. किती घेता? आणि आगाऊ का मागता?

आकडा अंतर, तास आणि साउंड कुणाचा यावर ठरतो, तो फोनवर बोलू. गावातल्या शाळेला नुसत्या प्रवासखर्चावर येतो.

निम्मे पैसे आगाऊ घेतो, कारण एकदा घेतले नव्हते. समुद्रकिनारीच्या एका हॉटेलात ३१ डिसेंबरला रात्रभर वाजवलं. मालक म्हणाले, सकाळी देतो. सकाळी म्हणाले, जेवलात ना? आमची गाणारी शाळेत शिक्षिका आहे. तिने तिथल्या तिथे त्यांच्याकडून पहिलीच्या मुलासारखा हिशेब करून घेतला, तरी निम्मेच सुटले.

१४. लग्नात वाजवता का? वरातीत?

रिसेप्शनला हो. वरातीत नाही, कारण चालत चालत डबल बास वाजत नाही आणि कीबोर्डवाल्याला गुडघेदुखी आहे. ख्रिस्ती लग्नात आणि रोसच्या दिवशी (लग्नाआधी नारळाचा रस लावतात तेव्हा) आनंदाने येतो. वॉल्ट्झ येतात, मांडो हे गोव्याचं नाचाचं गाणंही वाजवतो. डीजेबरोबर आळीपाळीने वाजवायला मात्र बोलवू नका. त्याच्यानंतर कानांना आमचं काही ऐकू येत नाही, हा अनुभव आहे.

१५. विचारायला संकोच वाटतो, पण मयतीला वाजवाल का?

संकोच नको. न्यू ऑर्लिन्समध्ये हीच तर रीत : स्मशानाकडे जाताना बँड संथ प्रार्थनेची गाणी वाजवतो आणि माती दिल्यावर परतताना उसळती. आपल्या ख्रिस्ती वाड्यांतही अंत्ययात्रेला बँड असतो, पण परततानाचा उसळता भाग नसतो. आम्ही दोनदा वाजवलं आहे. एकदा माझ्या त्याच मास्तरांच्या वेळी (प्रश्न ५). त्यांनी सांगून ठेवलं होतं की येताना रडकं वाजवू नका. पाद्रींना आधी विचारलं, ते म्हणाले सिमेतरीच्या फाटकाबाहेर तुमची मर्जी. पैसे घेत नाही.

१६. किनाऱ्यावर, वाळूत, रात्री कार्यक्रम करूया?

नोव्हेंबर ते मे या काळात जिथे कासवं येतात तिथे नाही. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, आमच्याजवळ वायंगणी. पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून मे धरायचा. वाळूत उजेड आणि दणका असला की मादी अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं तर उजेडाच्या दिशेनेच चालतात. समुद्राऐवजी स्टेजच्या हॅलोजनकडे चालत येणारं पिल्लू हा आम्हाला नको असलेला श्रोता आहे.

बाकी किनाऱ्यांवर संध्याकाळी, सूर्य बुडेपर्यंत, कमी माइकवर वाजवतो. ग्रामपंचायत आणि पोलिसांची परवानगी आयोजकाने काढायची. भरतीची वेळ बघून तारीख ठरवा. एकदा न बघता ठरवली आणि शेवटची दोन गाणी ड्रमवाल्याने घोटाभर पाण्यात वाजवली.

१७. दहा वाजता बंद का करता? माइक बंद करून नुसतं वाजवा की!

हा सगळ्यात चलाख प्रश्न, आणि उत्तर नाही असंच आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम नीट वाचा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर नुसता लाउडस्पीकरच नव्हे, तर वाद्यंही बंद. त्यात ट्रंपेट आलं, ढोल आला. बंदिस्त सभागृह असेल तर आत चालतं, पण हद्दीबाहेर किती आवाज जातो ते बघावं लागतं : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. जवळून फुंकलेलं ट्रंपेट यापेक्षा कितीतरी वर जातं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल तर तिथे मर्यादा आणखी कमी.

सूट आहे : सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत. ते दिवस प्रशासन जाहीर करतं, तुमच्या मुलाचा वाढदिवस त्यात बसत नाही. मग दशावतार पहाटेपर्यंत कसा चालतो, हे कृपा करून आम्हाला विचारू नका. आम्ही पुढच्या रांगेत बसलेलो असतो.

१८. गाण्यांचा परवाना लागतो का?

तिकीट लावलेला किंवा हॉटेलातला कार्यक्रम असेल तर लागतो, आणि तो आयोजकाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडून काढायचा. चालीवर आम्ही कितीही उपज केली तरी मूळ चाल ज्याची त्याचीच.

अपवाद दोन. लग्न आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. वरातही त्यातच मोडते, धार्मिक विधीही. ‘लग्नाआधी सहा महिने कंपनीच्या पार्टीत’ हे मात्र मोडत नाही, तसा प्रयत्न एकाने केला होता. दुसरा अपवाद जुन्या चालींचा : भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ब्लूजच्या चाली लिहून छापणारे डब्ल्यू. सी. हँडी १९५८ साली वारले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रचना २०१९पासून मोकळ्या. ड्यूक एलिंग्टन १९७४चे, त्यांच्यासाठी २०३५ उजाडावं लागेल.

१९. लाइट गेली तर?

ट्रंपेट, सॅक्स, ड्रम आणि लाकडी बास यांना लाइट लागत नाही. कीबोर्डवाला तेवढा चहा प्यायला जातो. खरं सांगायचं तर आमचे सगळ्यात चांगले दोन-तीन कार्यक्रम लाइट गेल्यावरचेच आहेत. लोक खुर्च्या पुढे ओढतात, गाणारी माइकशिवाय गाते, आणि आम्हाला एकमेकांचं ऐकून हळू वाजवावं लागतं. जनरेटर तरीही ठेवा. त्याचा आवाज स्टेजपर्यंत येणार नाही इतका लांब ठेवा.

२०. मराठी-हिंदी गाणी वाजवता? फर्माईश चालते?

चालते, चिठ्ठीवर लिहून द्या. जुनी हिंदी गाणी सहज बसतात (का, ते प्रश्न ५मध्ये). मराठीत भावगीतांपेक्षा कोळीगीतं बरी बसतात, त्यांचा झोका आमच्या झोक्याच्या जवळचा आहे. नाट्यगीत एकदा करून बघितलं. कॉर्ड लावले की रागाचा चेहरा बिघडतो, तेव्हा ते सोडून दिलं. मेल्याशिवाय सोडणार नाही असं एकच गाणं आहे, आमच्या बासवाल्याच्या आजीची ओवी. जात्याच्या घरघरीच्या जागी बास.

मधेच वर येऊन माइक मागणाऱ्या पाहुण्यांना आम्ही नम्रपणे टंबोरीन देतो.

२१. मी मुंबईहून सुट्टीत येतो, गिटार वाजवतो. तुमच्यात येऊन बसलो तर?

जरूर या. तुतारी एक्स्प्रेसने उतरलात तर स्टेशनवरून घेऊन येऊ. डबल बास घेऊन येणार असाल तर मात्र आधी कळवा. तो एकदा रिझर्व्हेशनच्या डब्यात आणला होता आणि रत्नागिरीपर्यंत टीसी त्याचं तिकीट मागत होता.

तालमीच्या दिवशी आलात तर काळी पाचच्या बारा घरांच्या ब्लूजवर बसवू. ते ४८ मात्रांचं आवर्तन (प्रश्न ४) येण्याआधी बोटांत घोटून घ्या. दोन आवर्तनं तुमची, जास्त घेऊ नका. दुसरा वाजवत असताना हात मांडीवर. आणि एक खूण लक्षात ठेवा, कारण यावरून नव्या माणसांचा दरवेळी घोळ होतो : वाजवता वाजवता मी तुमच्याकडे बघून कपाळाला हात लावला तर तुमचं वादन ऐकून लावला असं समजू नका. जॅझवाले मूळ चालीला ‘हेड’ म्हणतात, म्हणून डोक्याला हात. त्याचा अर्थ एवढाच, की हे आवर्तन संपलं की सगळ्यांनी चालीवर यायचं.